कायद्याच्या मोजणीतले मूल

सहा वर्षांखालच्या मुलाचे संगोपन ही घरची बाब, ती आजीने, आत्याने नाहीतर थोरल्या बहिणीने कडेवर घेऊन पार पाडायची, अशी ज्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा होती, त्या समाजात या मुलाविषयी राज्यसंस्थेलाही काही कर्तव्य आहे, हा विचार सरकारदप्तरी फार उशिरा दाखल झाला. तो मुंबई इलाख्यात कसा दाखल झाला आणि पुढे कोणकोणत्या वाटांनी गेला, हे पाहू लागले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. कायद्याने मुलाची दखल घेतली खरी, परंतु ती घेताना शिरगणती मात्र बहुधा दुसऱ्याच कोणाची तरी केली. आणि बालसंगोपनाच्या क्षेत्रात आजही जी विस्कळीत अवस्था आढळते, तिचे मूळ या शिरगणतीत आहे.

या इतिहासाचा आरंभ गिरणगावात होतो. कोकणातून आणि घाटावरून परळ-लालबागेत आलेली स्त्री आपले गाव सोडताना मूल सांभाळणारे घरही मागे ठेवून येत असे. गिरणीच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत नायकिणीच्या, म्हणजे मुकादम बाईच्या, हाताखाली दिवसभर राबायचे, तर तान्हे मूल चाळीतल्या एकुलत्या एका खोलीत कोणाच्या हवाली करायचे, या प्रश्नाला तिच्यापाशी एकच उत्तर होते आणि ते म्हणजे बाळगोळी, अर्थात मुलाला तासन्‌तास गुंगीत ठेवणारी अफूची गोळी. 1921 साली मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या आगेमागच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-वैद्याची नेमणूक केली, आणि त्यांच्या पाहणीत 100 पैकी 98 तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचे आढळले. या आकड्यात आईच्या निर्दयतेचा पुरावा शोधणे हा घोर अन्याय होईल; एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची रोजी बुडाली, मुलाजवळ बसायला दुसरे माणूस नाही आणि कामावरून घटकाभर उठण्याची मुभा नाही, अशा कोंडीत सापडलेल्या मातेने तो मार्ग पत्करला होता.

1929 साली मुंबई इलाख्याने प्रसूतिलाभाचा कायदा केला, मजूरविषयक शाही आयोगाने 1931 च्या अहवालात कारखान्यांतील पाळणाघरांची शिफारस केली, आणि 1934 च्या कारखाने कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यात त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी एक खोली राखून ठेवावी, असे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्याच्या 48 व्या कलमाने ही ऐच्छिक तजवीज बंधनकारक केली. त्या कलमाखाली झालेले नियम आजही वाचावेत इतके बारकाईचे आहेत: दर मुलामागे किमान 20 चौरस फूट जागा असावी, प्रत्येकास अंथरुणासह पाळणा किंवा खाट मिळावी, अंगावर पाजणाऱ्या आईला बसण्यासाठी खुर्ची असावी, मुलांना न्हाऊ घालण्याची सोय लगतच असावी, रोज दर मुलाला किमान अर्धा पाइंट शुद्ध दूध उपलब्ध असावे, आणि मुलाला पाजण्यासाठी आईला निदान पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या मिळाव्यात. हे नियम लिहिणाऱ्याने भुकेले मूल आणि घड्याळाकडे पाहणारी आई या दोघांचाही विचार केलेला दिसतो, आणि त्याबद्दल त्या अनामिक कारकुनाचे वा अधिकाऱ्याचे ऋण आपण मान्य केले पाहिजे.

परंतु या सुविचारी तरतुदीच्या मुळाशीच एक दोष राहून गेला. पाळणाघर उघडायचे की नाही, हे मुलांच्या संख्येवर न ठरता कारखान्याच्या हजेरीपटावरील स्त्रियांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे, जबाबदारी टाळू पाहणाऱ्या मालकाला स्त्रियांची भरती त्या मर्यादेच्या आत ठेवण्याचे प्रलोभन खुद्द कायद्यानेच पुरवले. गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढे घटत गेले, त्याला रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रे अशी इतरही कारणे होती हे खरे. तथापि ज्या नियमाने स्त्रीला कामावर ठेवणे महाग केले, तो नियम तिच्या मुलाच्या हिताचाही पूर्णांशाने ठरू शकला नाही. 1976 साली ही मर्यादा 30 स्त्रियांवर आणली गेली, पण मोजणीचे तत्त्व तेच राहिले. आणि घरोघर धुणीभांडी करणारी, शेतात खुरपणी करणारी, विडी वळणारी जी आई कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हती, तिचे मूल या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेरच राहिले.

कारखान्यांसाठी हे कायदे होत होते, त्याच काळात दुसरा एक प्रवाह कायद्याच्या आधाराशिवाय वाहत होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. बालशिक्षण ही केवळ सधनांच्या मुलांची मिरासदारी राहू नये, या तळमळीने ताराबाई 1945 साली बोर्डीस आल्या आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली तरी वाड्यावस्त्यांतील गरीब मुले तिच्या दारापर्यंत येत नाहीत, असे दिसून येताच त्यांनी मुलांना दोष न देता बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तेथे दिवसाचा आरंभ अक्षरांनी न होता मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे आणि नखे कापणे यांनी होई. माँटेसोरींच्या महागड्या साधनांची जागा खडे, बिया, पाने आणि शिंपले घेत. 1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. मूल जेथे आहे तेथे त्याचा अधिकार आहे, ही या कार्यामागची श्रद्धा होती, आणि ती कोणत्याही कलमापेक्षा पुढची होती.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी कारभारात आली. येथे मोजणी हजेरीपटावरून उठून वस्तीवर आली: साधारण 1000 लोकवस्तीमागे, आदिवासी भागात 700 मागे, एक केंद्र. ही फार मोठी प्रगती होती. मात्र पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, शिक्षण आणि त्या सर्वांच्या नोंदवह्या असा सारा भार ज्या सेविकेच्या शिरावर ठेवला, तिला नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा न देता मानधनावरच ठेवले, ही या योजनेची मोठी उणीव होय.

शहरांत तिसरेच चित्र निर्माण झाले. खासगी बालवर्ग झपाट्याने वाढले आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मुलाखती सुरू झाल्या. 1993 साली यशपाल समितीने या वर्गांच्या स्थापनेचे व कारभाराचे नियमन करावे आणि प्रवेशासाठीच्या परीक्षा-मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस केली. 1996 साली महाराष्ट्राने पूर्वप्राथमिक केंद्रांतील प्रवेशांच्या नियमनाचा कायदा केला. पण प्रवेशाच्या दारापलीकडे मूल कोणाच्या हाती आहे, किती मुलांमागे एक बाई आहे, हा प्रश्न शिल्लकच राहिला. 2002 च्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयाच्या शिक्षणास मूलभूत हक्काचे स्थान दिले; सहाच्या आतील मूल मात्र 45 व्या अनुच्छेदात, म्हणजे न्यायालयात दाद मागता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत, राहिले.

2017 साली प्रसूतिलाभ कायद्याच्या दुरुस्तीने 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर, ते पुरुष असोत वा स्त्रिया, पाळणाघराचे बंधन घातले, आणि मूल हे एकट्या आईचे नव्हे हे कायद्याने अखेर मान्य केले. आता उरलेले पाऊल उचलले पाहिजे. कारखान्यातील पाळणाघर, वस्तीतील अंगणवाडी आणि गल्लीतील खासगी बालवर्ग या तिन्हींना एकच किमान प्रमाण लागू व्हावे, त्यांची नोंदणी व तपासणी व्हावी, मूल सांभाळणाऱ्या स्त्रीला प्रशिक्षण आणि पुरेसे वेतन मिळावे. आणि या साऱ्याची मोजणी आईच्या नोकरीपासून वा पालकांच्या ऐपतीपासून न करता मुलापासून सुरू करावी. ताराबाईंनी जे अंगणात करून दाखवले, ते कायद्याने करणे अशक्य नाही, आणि ते करण्यात आणखी विलंब लावण्यास कोणतेही समर्थनीय कारण उरलेले नाही.