यष्टींमागून दिसणारं मैदान

मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत क्रिकेटवर बोलायचं तर पहिलं नाव पॉली उम्रीगरांचं घ्यायला हवं. १९२६ साली त्यांचा जन्म आपल्या सोलापुरातच झाला आणि कसोटीत भारताचं पहिलं द्विशतकही त्यांचंच. पण आज आपण उम्रीगरांकडे न जाता एका यष्टिरक्षकाकडे जाणार आहोत. इथे टॉवेल-चादरीच्या मागांवर राबणाऱ्यांना त्याचं काम लगेच कळेल. सगळे माग नीट चालू असले की जॉबरकडे कोणी बघत नाही. एक बंद पडला की सगळे त्याच्याकडेच बघतात. यष्टिरक्षकाचंही तेच. शंभर चेंडू अडवले ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत, सुटलेला एक झेल मात्र राहतो.

बेसबॉलमध्ये साधारण याच जागेवरच्या खेळाडूला कॅचर म्हणतात, आणि तिथले कितीतरी नावाजलेले प्रशिक्षक मुळात कॅचरच. कॉनी मॅक घ्या. १९०१ ते १९५०, तब्बल ५० हंगाम त्याने फिलाडेल्फियाचा एकच संघ सांभाळला! कारण साधं आहे. बाकीचे आठ जण त्याच्याकडे तोंड करून उभे. सगळं मैदान समोर दिसतं ते त्या एकट्याला.

आपल्याकडे असा माणूस म्हणजे चंद्रकांत पंडित. जन्म १९६१, मुंबईचा. शाळकरी वयातच रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली, शिवाजी पार्कच्या मातीत तयार झालेला. पुढे भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने. आकडे लहान दिसतात ना? पण किरण मोरे यष्टींमागे पक्के असताना पंडितांना कसोटी पदार्पणही, १९८६ साली लीड्सला, केवळ फलंदाज म्हणून करावं लागलं. १९८७च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात वेंगसरकर आजारी, म्हणून पंडित आत आले. म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याची जागा रिकामी झाली तरच यांना संधी.

नंतर ते मध्य प्रदेशकडून खेळू लागले, कर्णधार झाले. आणि इथे ती दुपार येते. १९९९चा रणजी अंतिम सामना, बंगळूरचं चिन्नास्वामी मैदान, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशला पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी होती. शेवटच्या दिवशी सामना नुसता अनिर्णित ठेवला असता तरी करंडक त्यांचाच. २४७ धावांचं लक्ष्य समोर असताना संघ १५० धावांत गारद झाला. हाताशी आलेलं गेलं.

प्रशिक्षक झाल्यावर पंडितांनी मुंबईला रणजी जिंकून दिली, त्यात नवल नाही; मुंबई जिंकतेच. नवल विदर्भाचं. कधी अंतिम फेरीही न पाहिलेल्या त्या संघाने २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवलं आणि पुढच्या वर्षी करंडक राखलाही. शिस्त मात्र कडक, अगदी जुन्या शाळामास्तरासारखी. काहींना ती जाचकही वाटली. आम्हाला वाटतं, या कडकपणाचं मूळ १९९९च्या त्या दुपारीच असावं. जिंकलेला सामना ढिलाईने कसा जातो हे ज्याने कर्णधार म्हणून पाहिलं, तो ढिलाई कशी चालवून घेईल?

मग ते मध्य प्रदेशातच परतले. जून २०२२. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा चिन्नास्वामी. समोर ४१ वेळा विजेती ठरलेली मुंबई, आणि गंमत बघा, मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. तेही आचरेकर सरांचेच विद्यार्थी! म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच गुरूची शिकवण बसलेली. मुंबईने ३७४ केल्या, मध्य प्रदेशने उत्तरात ५३६. शेवटी लक्ष्य उरलं १०८ धावांचं, आणि ते ६ गडी राखून गाठलं.

मध्य प्रदेशचं हे पहिलं रणजी विजेतेपद. २३ वर्षांनी, त्याच मैदानावर, पंडितांना रडू आवरलं नाही.