नावावरचा विश्वास : संगणकातील मध्यस्थाचा इतिहास

#इतिहासधागा

१/ कोणताही प्रोग्राम स्वयंपूर्ण नसतो. फाइल उघडणे, मेमरी मागणे, पडद्यावर अक्षर उमटवणे ही कामे तो ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेल्या लायब्ररीतील फंक्शनांकडून करवून घेतो. त्यासाठी तो त्यांना हाक मारतो. ही हाक वाटेतच अडवणारा एक मध्यस्थ चार दशकांहून अधिक काळ संगणकाच्या इतिहासात वावरत आहे. तो कधी वैद्य म्हणून आला, कधी चोर म्हणून.

२/ जुन्या काळी जासूद पत्राची थैली घेऊन निघे. ती वाटेत कोणी अडवली, तर तीन गोष्टी संभवत : पत्र वाचून तसेच पुढे जाऊ देणे, मजकूर बदलणे, किंवा मूळ धन्याच्या नावाने स्वतःच उत्तर धाडणे. संगणकातील मध्यस्थही नेमके हेच करतो. मूळ फंक्शनाभोवती स्वतःचे वेष्टण गुंडाळतो. हाक मारणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

३/ १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये ही युक्ती फारच सोपी होती. मेमरीच्या आरंभीच १,०२४ बाइटांचा एक तक्ता असे व त्यात २५६ पत्ते. कोणते काम कोठे होते, ते हा तक्ता सांगे. त्यातील पत्ता पुसून आपला लिहिण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. बोरलँडचा ‘साइडकिक’ (१९८४) कीबोर्डचा मार्ग असाच अडवून बसे. ठराविक कळा दाबताच चालू काम न सोडता टिपणवही वा गणकयंत्र समोर येई.

४/ हीच वाट दुसऱ्यांनाही दिसली. १९८६ सालचा ‘ब्रेन’ हा लाहोरमध्ये लिहिलेला व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्या भागात ठाण मांडी. तो भाग वाचण्याची मागणी येताच ब्रेन ती अडवी आणि अन्यत्र जपून ठेवलेली मूळ, निर्दोष प्रत पुढे करी. तपासणाऱ्याला सारे आलबेल दिसे. लपून राहण्याची ही कला साइडकिकच्याच तंत्रावर उभी होती.

५/ १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये बहुतेक मूलभूत फंक्शने ६४ किलोबाइटांच्या रॉममध्ये कोरलेली होती. यंत्र विकले गेले की रॉममधील चूक सुधारणे अशक्य. म्हणून अ‍ॅपलने फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता मात्र बदलता येण्याजोग्या मेमरीत ठेवला. सदोष फंक्शनाच्या जागी सुधारित फंक्शनाचा पत्ता लिहिला की काम भागे.

६/ दुरुस्तीसाठी ठेवलेले हे दार लवकरच सर्वांचे झाले. यंत्र सुरू होताना चालणारे छोटे प्रोग्राम त्याच तक्त्यात आपापले पत्ते लिहू लागले. दोघांचे एकमेकांशी जुळले नाही की यंत्र कोलमडे. मग वापरकर्ता एकेक प्रोग्राम काढून पुन्हा यंत्र सुरू करून पाही. मध्यस्थांची गर्दी झाली, पण त्यांच्यात क्रम लावणारे कोणी नव्हते.

७/ युनिक्सच्या जगात हा क्रम आला. १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये सामायिक लायब्ररी रुळल्या : प्रत्येक प्रोग्रामात फंक्शनाची वेगळी प्रत न ठेवता, प्रोग्राम सुरू होताना त्या नावाचे फंक्शन शोधून जोडायचे. शोध ठरलेल्या क्रमाने होई आणि ज्या लायब्ररीत ते नाव प्रथम सापडे, तीच खरी मानली जाई.

८/ ‘एलडी_प्रीलोड’ या सोयीचे सारे सामर्थ्य याच नियमात आहे. तिच्यात नोंदवलेली लायब्ररी रांगेत सर्वांत पुढे उभी राहते. तिने मूळ फंक्शनाचेच नाव धारण केले, की प्रत्येक हाक आधी तिच्याकडे येते. पुढे मूळ फंक्शनाला बोलवायचे की नाही, हे तीच ठरवते. प्रोग्रामचा मूळ मजकूर हाती नसला तरी अडत नाही.

९/ या सोयीने मोठी कामे केली. ब्रूस पेरेन्स यांचे ‘इलेक्ट्रिक फेन्स’ (१९८७) मेमरी वाटणाऱ्या फंक्शनाची जागा घेते आणि दिलेल्या तुकड्यालगत स्पर्शास मनाई असलेले पान ठेवते. मर्यादा ओलांडणारा प्रोग्राम जागीच पकडला जातो. डेबियनचे ‘फेकरूट’ प्रोग्रामला आपण मालक आहोत असे भासवते. प्रत्यक्ष अधिकार काहीच देत नाही. १९९४ च्या युसेनिक्स परिषदेत टिमोथी करी यांनी लायब्ररीच्या वापराचे मोजमाप या मार्गाने कसे करावे, ते मांडले.

१०/ धोका ओळखून एक नियमही आला होता : सामान्य माणसाने चालवलेला प्रोग्राम विशेष अधिकार घेऊन धावत असेल, तर अशा सूचना मानायच्या नाहीत. मात्र नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्ट संस्थेला इशारा द्यावा लागला. दूरच्या संगणकात प्रवेश देणारी टेलनेट सेवा पाहुण्याने पाठवलेल्या सूचना तशाच आत पोहोचवी. ही सेवा स्वतःच सर्वाधिकारी असल्याने तिने सुरू केलेल्या ‘लॉगिन’ प्रोग्रामला तो नियम लागूच होत नसे. आपली लायब्ररी त्या यंत्रावर कशीबशी ठेवता आली, की पासवर्डाविनाच दार उघडे!

११/ विंडोजची रीत निराळी. तेथे प्रोग्राम फंक्शनाच्या नावासोबत लायब्ररीचे नावही नोंदवतो. त्यामुळे रांगेत पुढे उभे राहून भागत नाही. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या गॅलन हंट व डग ब्रुबाकर यांनी ‘डीटूर्स’ मांडले. ते मेमरीतील फंक्शनाच्या पहिल्या काही सूचना बाजूला जपून ठेवते आणि त्यांच्या जागी उडीची आज्ञा लिहिते. इंटेलच्या ३२ बिटी प्रोसेसरवर तिला ५ बाइट पुरतात. वाटसरूला फसवी पाटी दाखवण्याऐवजी येथे रस्ताच वळवला जातो.

१२/ अ‍ॅपलने २००१ च्या मॅक ओएस टेन १०.१ मध्ये नावासोबत लायब्ररी नोंदवण्याचीच पद्धत आणली. तरी बाहेरची लायब्ररी घुसवण्याची वाट राहिली. २०१५ च्या ‘एल कॅपिटन’पासून मात्र सिस्टिमच्या संरक्षित प्रोग्रामांपुरती ती बंद झाली. चोराची वाट अडली, तशी शोधकाची आणि दुरुस्ती करणाऱ्याचीही.

१३/ २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक शोध जाहीर केला. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा ते माग काढत होते. ‘एक्सझेड’ या फाइल आकसणाऱ्या प्रकल्पाच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, छुपा मध्यस्थ निघाला. काही लिनक्स वितरणांत ही लायब्ररी प्रवेश देणाऱ्या सेवेपर्यंत पोहोचत असे आणि तेथे स्वाक्षरी पडताळणीच्या कामातील एका फंक्शनाकडे जाणारी हाक स्वतःकडे वळवी.

१४/ हे घडवणाऱ्याने आधी प्रकल्पात दोनहून अधिक वर्षे निष्ठेने काम करून विश्वास मिळवला होता. त्या नावामागची खरी व्यक्ती आजही उघड झालेली नाही. माणसांनी नावावर विश्वास ठेवला, यंत्रानेही नावावरच ठेवला.

१५/ ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण या साऱ्या इतिहासाला लागू पडते. दार पूर्ण बंद केले तर दोष शोधणारा बाहेर राहतो, सताड उघडे ठेवले तर चोर आत येतो. म्हणून प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला एकच प्रश्न नव्याने सोडवावा लागला : उत्तर देणारा तोच आहे, हे हाक मारणाऱ्याने ओळखायचे कसे?