टर्नरच्या हातातलं ज्ञान

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, सर, ज्ञानाची तुमची उदाहरणं नेहमी पुस्तकातलीच का असतात? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज लेथ मशीनचा इतिहास.

माझे मामा टर्नर होते. चकमध्ये जॉब बांधून कट सुरू केला की नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे त्यांना समजायचं. कसं, असं विचारलं तर म्हणायचे, "दहा वर्षं उभा राहा, तुलाही कळेल." मी तेव्हा एम.ए. करत होतो, मला ती टाळाटाळ वाटली. पुढे मायकेल पोलान्यी वाचला तेव्हा उमगलं, की शब्दांत न मावणाऱ्या या जाणतेपणाला तत्त्वज्ञानातही जागा आहे. मामांना ते सांगायचं राहून गेलं.

जुन्या लेथवर कारागीर टूल हातात धरायचा. हेन्री मॉडस्ले हा लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या कुलुपांच्या कारखान्यात मुख्य कारागीर होता. आठवड्याला 30 शिलिंग मिळत. वाढ मागितली, मिळाली नाही, म्हणून 1797 मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं. (पगारवाढ नाकारण्याचे परिणाम कधीकधी फार दूरवर जातात!) साधारण 1800 च्या सुमारास त्याच्या लेथवर टूल माणसाच्या हातातून सुटून सरकत्या टेकूवर बसलं, आणि तो टेकू लीडस्क्रूने पुढे जाऊ लागला. सरकत्या टेकूची कल्पना त्याच्याआधी फ्रान्समध्ये व्होकान्सनकडे होती. पण मॉडस्लेने गिअर आणि लीडस्क्रूची जी जोडणी केली, तिने एकसारखे आटे पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले. तोवर एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच असं नव्हतं. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं.

टूल हातातून गेलं, पण कसब गेलं का? नाही. किती खोल कट, किती फीड, कोणते गिअर, हे टर्नरच ठरवत होता. आणि मालकांना तेच खुपत होतं. 1852 मध्ये इंग्लंडमधल्या इंजिनिअरिंग मालकांनी टाळेबंदी केली. वाद जादा तासांचा आणि नगावर मजुरीचा होता, पण मशीनवर अकुशल माणूस उभा करायचा का, हाही होता. कामगार हरले. अनेकांना संघटना सोडल्याच्या कागदावर सही करून कामावर जावं लागलं.

आता शंभर वर्षं पुढे, अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन वाटा होत्या. एकीत कुशल कारागीर पहिला नग स्वतः करणार, त्याच्या हालचाली टेपवर नोंदल्या जाणार, मग मशीन त्या गिरवणार. दुसरीत ऑफिसात बसून ड्रॉइंगचे आकडे करायचे आणि ते मशीनला द्यायचे. 1952 मध्ये एमआयटीने दुसरी वाट मिलिंग मशीनवर दाखवली, आणि तीच टिकली. इतिहासकार डेव्हिड नोबल म्हणतात, यामागे शॉपफ्लोअरवरचा ताबा व्यवस्थापनाकडे घेण्याची इच्छा होती. मला हे अर्धं पटतं. विमानांचे वाकडेतिकडे आकार हाताने कापणंच अवघड, मग नोंदणार काय? पण साध्या शाफ्टला, बुशला ही सबब लागू पडत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचा मुलगा चाकणला सीएनसी लेथवर ऑपरेटर आहे. आवाज बदलला की नॉब फिरवून तो फीड कमी करतो, तेवढी मुभा आहे. प्रोग्रॅममधली ओळ बदलायची तर पॅनलवरची छोटी किल्ली फिरवावी लागते. ती सुपरवायझरच्या खिशात असते, आणि रात्रपाळीला सुपरवायझर नसतो.