स्प्रिंग, वजन आणि हूकसाहेब

माझ्या नातवाने डोंगरात चालवायची एक सायकल जुनी विकत घेतली. मलंगगडाच्या पायथ्याशी चालवून आला की कंबर धरून बसायचा. "आजोबा, मागची स्प्रिंग नीट दबतच नाही!" स्प्रिंगवर ५५० छापलेलं. आधीचा मालक चांगला धिप्पाड होता म्हणे.

मी इतिहासाचा मास्तर, म्हणून इतिहासातून शोधायला लागलो. १६७६ साली महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले, त्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट हूकने आपला शोध अक्षरं उलटसुलट करून छापला, कुणी चोरू नये म्हणून! उलगडा केला १६७८ मध्ये. ओझं दुप्पट, तर स्प्रिंगचं ताणणं किंवा दबणंही दुप्पट. बस्स, एवढंच.

त्याच नियमाने आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नातवाचं वजन सामानासकट ८० किलो. त्यातलं सुमारे ६५ टक्के, म्हणजे ५२ किलो मागच्या चाकावर. चाक १५० मिलिमीटर वर सरकतं तेव्हा शॉकअब्सॉर्बर ६० मिलिमीटर दबतो. अडीचपट तरफ, म्हणून स्प्रिंगवर भार १३० किलो. नुसतं बसल्यावर ती ३० टक्के, म्हणजे १८ मिलिमीटर दबायला हवी, तरच खड्ड्यात चाक खाली जाऊन जमीन धरतं. हिशेब आला इंचाला सुमारे ४०० पौंड. ५५०ची स्प्रिंग जेमतेम १३ मिलिमीटर दबत होती. फार मऊ घेतली असती तर उडी मारताच तळाला आदळली असती.

म्हणजे एक स्प्रिंग, एक वजन. मग आपल्या लोकलचं काय? कल्याणला रेल्वे आली १८५४ मध्ये. दुपारी रिकामा असणारा डबा संध्याकाळी माणसांनी ठेचून भरतो. त्याला कोणती एक स्प्रिंग पुरणार? म्हणून २००७ पासून आलेल्या नव्या लोकलना हवेच्या स्प्रिंगा बसवल्या. गर्दी वाढली की त्यांतला हवेचा दाब वाढतो.

नातवाने ४००ची स्प्रिंग बसवली. आता कंबरेची तक्रार नाही.

मी मात्र विचारात पडलो. वर्गातल्या साठ मुलांना मी वर्षानुवर्षं एकाच कडकपणाने वागवलं. त्यातली काही दबलीच नाहीत, काही तळाला आदळली. तेव्हा हा हिशेब कुणी शिकवला असता तर...

असो.