क्षयरोग : चिकित्सा व रुग्णजीवन

फुप्फुसांच्या चिरकारी जंतुसंसर्गांत क्षयरोग हा सर्वांत परिचित होय. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये त्याचा जंतू प्रकाशात आणला, तरी स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरील औषध हाती येण्यास १९४३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत शुद्ध हवा, विश्रांती व सकस आहार यांवरच सारी भिस्त ठेवून रुग्णास आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवीत. एकट्या औषधाला जंतू लवकरच दाद देईनासे होतात, हे ध्यानी येताच अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने, दाटीवाटीच्या वस्तीत, अपुऱ्या आहारावर, घरीच राहून औषध घेणारे रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, आणि त्यामुळे घरच्या माणसांना अधिक धोका पोहोचत नाही, हे सप्रमाण दाखविले. कुटुंबापासूनची दीर्घ ताटातूट अनावश्यक ठरविणाऱ्या या निष्कर्षाचे मोल केवळ वैद्यकीय मानता येणार नाही.

औषधांना दाद देणाऱ्या क्षयावर आज सामान्यतः सहा महिन्यांच्या मुदतीची चिकित्सा करतात. ताप व खोकला काही आठवड्यांतच ओसरू लागतो, आणि खरा धोका तेथेच असतो : बरे वाटताच औषध सोडणाऱ्याच्या शरीरात उरलेले जंतू पुन्हा बळावतात व प्रसंगी औषधांना जुमानीत नाहीत. मळमळ, अशक्तता, बुडालेली मजुरी आणि शेजाऱ्यांचे टाळणे हे सारे सोसणाऱ्या रुग्णास धीर देणे, हे चिकित्सेचेच अंग समजले पाहिजे. औषधे चालू असता कावीळ झाल्यास अथवा दृष्टी मंदावल्यास रुग्णाने तत्काळ डॉक्टरांस गाठावे.