दिनविशेष, ८ मार्च : भोर संस्थान विलीन

१९४८ साली आजच्या दिवशी पंतसचिवांचे भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्ह्यातले राजगड-तोरणा आणि घाटाखालचा सुधागड याच मुलखातले.

शंकराजी नारायणांच्या या पंतसचिव घराण्याशी इंग्रजांनी १८२० मध्ये तह केला होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता सरली आणि तिच्यासोबत संस्थानांशी झालेले असले तहही संपले. कायद्याच्या पुस्तकात भोर क्षणभर मोकळेच! सामीलनाम्याने आधी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच भारताकडे गेले. विलीनीकरणाने उरलेला कारभारही.

हैदराबादच्या निजामाने मात्र १९४८ च्या ऑगस्टमध्ये थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे दार ठोठावले. भोरचा प्रश्न तोवर मिटला होता. पंतसचिवांचा राजवाडा आज चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी ओळखला जातो.