एकविसावा रकाना

फेब्रुवारी २०२४. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या 'फाल्कन' सेन्सरची ७.११ आवृत्ती दिली. विंडोजच्या गाभ्यात बसून पाळत ठेवणारं हे सॉफ्टवेअर. बँकांत, विमानतळांवर, मोठ्या ऑफिसांत हजारो मशीनवर ते एकाच जागेवरून अपडेट होतं. या आवृत्तीत तपासणीचा एक नवा साचा आला. साच्यात रकाने २१. त्यांना माहिती पुरवणारा कोड मात्र २०च रकान्यांची पुरवायचा.

मार्च-एप्रिल. ५ मार्चला चाचणी झाली आणि साचा पास झाला. त्यावर बेतलेले चार नियम पुढच्या दीड-दोन महिन्यांत जगभर गेले, काही बिघडलं नाही. एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती, त्यामुळे तिकडे बघायची वेळच आली नाही.

१९ जुलै, शुक्रवार, पहाटे ३.२६. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर सेवेचा अमेरिकेतला एक विभाग बंद पडला. हा बिघाड पुढे झालेल्या फाल्कनच्या बिघाडाहून वेगळा, पण दोन्ही दुखणी एकाच दिवशी आल्यामुळे नंतर नेमकं काय बिघडलंय याचाच गोंधळ उडाला.

सकाळी ९.३९. हेच नियम घेऊन जाणाऱ्या २९१ क्रमांकाच्या फाइलची नवी प्रत सुटली. तिच्यातल्या एका नियमाने पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात खरी अट घातली. पाठवण्याआधी फाइल तपासणाऱ्या यंत्रणेतच दोष होता. तिने हिरवा कंदील दिला. हाती नसलेला एकविसावा रकाना वाचायला सेन्सर गेला, विंडोज कोसळलं, निळा पडदा आला. मशीन पुन्हा सुरू झालं की पुन्हा तीच फाइल, पुन्हा निळा पडदा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र होती. आपल्याकडे ऑफिसं नुकती उघडत होती.

खरी मेख पुढेच आहे. कित्येक ठिकाणी आयटीवाल्यांनी शहाणपणाने ठरवून ठेवलं होतं की नवी आवृत्ती लगेच घ्यायची नाही, एक-दोन पावलं मागेच राहायचं. ते धोरण लागू होतं सेन्सरच्या आवृत्तीला. ही फाइल मात्र 'तातडीचा मजकूर' या नावाखाली यायची आणि त्या धोरणाला न विचारता सगळ्यांकडे एकदमच पोचायची. आधी शंभर मशीन, मग हजार, असा टप्पाच नव्हता.

पुण्याच्या माणसाला इथे पानशेतचं धरण आठवणारच. १९६१ सालीही काम पुरं होण्याआधीच पाणी अडवलं होतं आणि विमोचकाच्या झडपांचं काम अर्धवट होतं. पण तिथे बांध खचताना डोळ्यांना दिसत होता, जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, आणि १२ जुलैच्या सकाळी धरण फुटल्यावरही पाण्याला पुण्यात यायला वेळ लागला. फाल्कनच्या ग्राहकाला पोतं उचलायलाही सवड मिळाली नाही.

१०.५७. कंपनीने फाइल मागे घेतली. मधे गेली ७८ मिनिटं. वाहतुकीत अडकून अकरानंतर लॅपटॉप उघडणारा सुटला. वेळेवर येऊन लॉगिन करणारा सापडला. ज्यांची मशीन आधीच पडली होती, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? नेटवर्कशी जोडण्याआधीच ती बहुतेक वेळा कोसळत होती.

अकरा ते संध्याकाळ. मुंबई विमानतळावर आकासा एअरने हाताने चेक-इन सुरू केलं. देशात अनेक ठिकाणी बोर्डिंग पास पेनाने लिहिले गेले. इंडिगोची जवळपास २०० उड्डाणं रद्द झाली. सरकारी संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या एनआयसीचं जाळं शाबूत राहिलं. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

बहुतेक ऑफिसांत उपाय हातानेच करायचा होता. मशीन सेफ मोडमध्ये सुरू करा, विंडोजच्या ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जा, 'सी-०००००२९१'ने सुरू होणारी फाइल उडवा. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाइप करा. ती किल्ली ठेवलेला सर्व्हरही निळा पडला असेल, तर मग बसा. सगळं आपोआप व्हावं म्हणून उभारलेल्या व्यवस्थेची दुरुस्ती माणसं टेबलाटेबलाशी जाऊन करत होती.

२० जुलै, पहाटे ३. विमान कंपन्यांच्या यंत्रणा सुरळीत झाल्याचं नागरी उड्डाणमंत्र्यांनी नंतर सांगितलं. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टचा आकडा आला: ८५ लाख मशीन. जगातल्या विंडोज मशीनच्या एक टक्क्याहूनही कमी.

६ ऑगस्ट. कंपनीचा कारणमीमांसेचा अहवाल आला. त्यात २१ आणि २०च्या घोळाची कबुली होती, आणि यापुढे असा मजकूरही टप्प्याटप्प्याने जाईल, ग्राहकाला त्यावर ताबा मिळेल, असं आश्वासनही.

आपोआप अपडेट बंद करणं हा काही यावर इलाज नव्हे. मग सुरक्षेतली भोकं तशीच उघडी राहतात. पण तुमच्या ऑफिसची मशीन सांभाळणाऱ्या माणसाला आजच दोन गोष्टी विचारा. सुरक्षा सॉफ्टवेअरचा रोजचा मजकूर आपल्याकडे आधी चार-पाच मशीनवर उतरतो की सगळीकडे एकदम? आणि बिटलॉकरच्या किल्ल्या नेटवर्कबाहेर, कागदावर कुठे ठेवल्या आहेत?